लेकीला घेऊन माहेरच्या गावी परत जावं का? कोल्हापूरकर, बोला!

चिंचपेटी

नमस्कार. इतकी वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात, वाकडला. लेक साडेतीन वर्षांची. मला आठवड्याला दोन दिवस ऑफिसात तोंड दाखवावं लागतं, नवरा पूर्ण वेळ घरून काम करतो. घरून म्हणजे दार लावून, कानात हेडफोन घालून. त्यामुळे लेक सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा पाळणाघरात. पाळणाघराबद्दल तक्रार नाही, मावशी चांगल्या आहेत. पण गेल्या महिन्यात दुपारी तिला ताप भरला, त्यांनी आम्हा दोघांना मिळून अकरा फोन केले, आणि आम्ही दोघंही मीटिंगमध्ये. मी पोचले तेव्हा ती बूट घालून, पाठीला दप्तर लावून दारातल्या बाकावर झोपली होती. आई येणार म्हणून तासभर आधीच तयार होऊन बसली होती म्हणे.

त्या रात्री नवराच म्हणाला, कोल्हापूरला जाऊया का.

कोल्हापूर माझं माहेर. घर शिवाजी पेठेत, जुनं, दुमजली. आई ६६, बाबा ७१, दोघंही ठणठणीत. सासर परभणीचं, सासूबाई दिराकडे असतात. विचार असा, की आईबाबांच्या घरात न राहता जवळपास भाड्यानं फ्लॅट घ्यायचा, लेकीला तिथल्याच शाळेत घालायचं, आणि शाळा सुटल्यापासून आम्ही मोकळे होईपर्यंत ती आजीआजोबांकडे. असं कोणी केलंय का? पस्तावलात का? शाळा, नोकरी, नवऱ्याचं तिथे रमणं, सुचेल ते लिहा. "मनाला विचारा" एवढं सोडून. मनाला विचारून झालंय, ते दर तासाला वेगळं सांगतं.

पेठेतला_गडी

या की! ह्यात इचारायचं काय? ट्रक ठरवा. सामान उतरवायला तालमीतली चार पोरं पाठवतो, फक्त मिसळ चारा.

खटपट्या

आपण होऊन घरजावई व्हायला निघालेला हा पहिलाच माणूस ऐकतोय. त्यांचा सत्कार ठेवा, केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभं राहिलं की तिथेच.

चिंचपेटी

@खटपट्या, वेगळा फ्लॅट आहे हो! भाडंही तोच भरणार आहे.

उसाचा_फड

कोल्हापुरात जावयाला दोन महिने पाव्हणं म्हणतात. तिसऱ्या महिन्यात गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक हातात देतात. काळजी नको.

सातारारोड

थोडं विरजण घालतो. २०२२-२३ मध्ये मी नेमकं हेच केलं. बायको आणि मुलगा राजारामपुरीत माझ्या आईवडिलांकडे, मी आठवड्याचे तीन दिवस पुण्यात. म्हणायला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आणि चार तास. प्रत्यक्षात कराडजवळची कोंडी, पुढे खंबाटकी, आणि जिथे तिथे "काम चालू, रस्ता बंद". सोमवारी पहाटे चारला निघायचो तेव्हा पोरगा झोपलेला, बुधवारी रात्री परत यायचो तेव्हाही झोपलेला. पोरगा आजोबांजवळ वाढला, बाप टोलनाक्यावर म्हातारा झाला.

रेल्वे आहे, २०२४ पासून वंदे भारतही आहे, पण ती रोज नाही. ऑफिसचे दिवस काही रेल्वेला विचारून ठरत नाहीत.

तेव्हा पहिलं काम: तुमचे दोन दिवस आणि नवऱ्याचं घरून काम, दोन्ही कंपनीकडून लेखी घ्या. उद्या "पाचही दिवस या" असा मेल आला तर कोल्हापुरात दुसरी नोकरी काय? गावात कामाला तोटा नाही, पण ते फाउंड्रीत. शिरोली, गोकुळ शिरगावला कास्टिंगमधल्या माणसाला लगेच बोलावतात. कोड लिहिणाऱ्यांसाठी मोजक्याच कंपन्या आहेत, आणि पगार पुण्याच्या मानानं बराच खाली.

नीलमोहर

आम्ही ठाण्याहून आलो, सासरी, एकाच घरात. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. दोन वर्षं काढली आणि मग त्याच गल्लीत वेगळं बिऱ्हाड केलं. आता सगळे सुखात आहेत, म्हणून तुमचा वेगळ्या फ्लॅटचा विचार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला.

भांडण कशावरून, तर मोबाईलवरून. सासूबाई त्याला कार्टून लावून भरवायच्या. घास तोंडात जातोय याचं त्याला भानही नसायचं. पाळणाघरातल्या ताईंना मी सरळ सांगत होते, मोबाईल नको, साखर नको, दोनला झोपवा. सासूबाईंना काय सांगणार? पगार न घेणाऱ्या माणसाला सूचना देता येत नाहीत. आणि दिल्याच, तर त्या संध्याकाळी नवऱ्याच्या ताटात वेगळ्या चवीची आमटी पडते.

वाळवण

नीलमोहर, "वेगळ्या चवीची आमटी" :-) :-) आमच्याकडे अशा दिवशी आमटीच नसते.

पेठेतला_गडी

पोरं लाडानं बिघडत नसत्यात हो. आमच्या आज्ज्यानं मला रोज सकाळी खांद्यावर घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायचं. म्हस समोर, धार थेट ग्लासात, वर हा फेस. पुण्याच्या पाळणाघरात हाय का ते?

बालडॉक

गडी, वाईट वाटून घेऊ नका, पण साडेतीन वर्षांच्या मुलीला कच्चं दूध नको. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेल्लोसिस होऊ शकतो, जनावरांचा क्षयही येऊ शकतो. कट्ट्यावर जरूर न्या, म्हैस दाखवा, दूध बरणीत घरी आणा आणि उकळून द्या. तेही दिवसाला अर्धा लिटरच्या आत. दुधावर पोट भरलं की मुलं जेवत नाहीत आणि रक्तातलं लोह उतरतं. "आमचं बाळ फक्त दूध पितं" असं कौतुकानं सांगत पांढरीफटक मुलं घेऊन येणारे आजीआजोबा मी आठवड्याला दोन-तीन तरी बघतो.

धाग्यावर तान्ह्या बाळांचे आईबाप असतील तर त्यांच्यासाठी: वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनसुद्धा नाही. आजी कितीही म्हणाली "तुझ्या बापाला दिला होता" तरी नाही.

पेठेतला_गडी

ह्या दुधावर पैलवान झालेत डॉक्टर!

बालडॉक

झालेत ना. त्यांना तालमीत घालण्याआधी कोणीतरी साडेतीन वर्षांचे असताना सांभाळलं म्हणून झालेत.

खटपट्या

डॉक्टर चितपट. घिस्सा की ढाक ते जाणकार सांगतील.

फाईलवाली

मला हा सगळा सूरच खटकतोय. मूल आजारी पडलं, आईबाप मीटिंगमध्ये, म्हणून आजीनं सेवेला लागायचं? प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा आली, ते कोणाला ठाऊक नसतं. चिंचपेटी, तुमच्या कंपनीत पन्नास माणसं नक्की असतील. एचआरला कधी विचारलंत?

चिंचपेटी

@फाईलवाली, खरं सांगते, नाही विचारलं. ऑफिसपासून घर दीड तास, दोनच दिवस जायचं, म्हणून डोक्यातच आलं नाही. विचारते. पण "सेवेला लागायचं" असं आम्ही म्हटलेलं नाही हो.

फाईलवाली

म्हटलं नाहीत. पण अख्ख्या धाग्यात आईबाबांचं वय आलं, तब्येत आली, पेठ आली. त्यांना विचारलं का, हे कुठे आलं नाही.

वाळवण

+१. आणि परभणीच्या आजीचं काय? "आजीआजोबांजवळ" म्हणताना एकाच बाजूचे धरलेत. जाऊबाईंच्या घरी राहून त्या ही बातमी कशी ऐकतील, याचा विचार करा.

दोन_नातवंडांची_आज्जी

सगळे बोललात, आता ज्यांच्या गळ्यात पोर बांधायचं चाललंय त्यातलं एक माणूस बोलू दे. वय ६८, राहायला कोल्हापुरातच. मुलगा-सून बंगळुरूहून परत आलेत. नातवंडं दोन, एक सात वर्षांचं, एक चार.

आनंद आहे का? आहे. धाकटा दुपारी माझ्या पदराचा कोपरा मुठीत धरून झोपतो. हळूच सोडवायला गेलं की डोळे न उघडता मूठ घट्ट करतो. मग मी तशीच भिंतीला टेकून पाऊण तास बसते. हे सुख मला स्वतःच्या पोराच्या वेळी मिळालं नव्हतं, तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि तो माझ्या सासूच्या पदराला धरून झोपायचा.

पण त्या पाऊण तासात मला मोरीला जायचं असतं, गॅसवर काहीतरी असतं, पाठीला रग लागलेली असते. ते कोणाला दिसत नाही, कारण सून संध्याकाळी घरी येते तेव्हा पोरगं ताजंतवानं होऊन उड्या मारत असतं आणि मीही हसतच असते.

सून चांगली आहे. विचारते, "आई, जमतंय ना?" मी म्हणते, "न जमायला काय झालं?" आम्हाला नाही म्हणायची सवयच नाही. म्हणून तुम्ही लोकांनी प्रश्नच बदला. "जमेल ना" विचारू नका. "किती वाजेपर्यंत?" असं विचारा. "कुठला वार नको?" असं विचारा. त्याचं उत्तर खरं येतं.

आमचं बुधवारी दुपारी भजन असतं. नातवंडं आल्यापासून सहा महिन्यांत मी दोनदा गेले. परवा गेले तर शेजारी बसणारी हळूच म्हणाली, डाव्या गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय. लेकीला सांगितलंस का? तर म्हणे, छे, तिच्या जिवाला उगाच घोर. आम्ही सगळ्या अशाच. तेव्हा "ठणठणीत" हा शब्द जरा जपून वापरा.

नीलमोहर

आज्जी, नमस्कार. हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावते.

सातारारोड

"कुठला वार नको?" हे लाखमोलाचं. मी आईला हे कधीच विचारलं नाही. आज विचारतो.

उसाचा_फड

थोडं अवांतर. मुलं आईबापांपासून लांब कोणाकडे तरी वाढणं कोल्हापूरला नवं नाही. या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आमचे आजोबा भुदरगड तालुक्यातून पुढच्या शिक्षणाला अशाच एका बोर्डिंगात आले, वय वर्षं अकरा. येताना आईनं धोतराच्या पदरात भाकरी आणि खर्डा बांधून दिला. भाकरी वाटेतच संपली. ते फडकं त्यांनी मॅट्रिक होईपर्यंत उशाला ठेवलं होतं. आम्हाला सांगताना दर वेळी म्हणायचे, "त्याला वास येत नव्हता रे आईचा. खर्ड्याचाच येत होता."

असो. कुठून कुठे गेलो.

पेठेतला_गडी

फड, रडवलासा राव.

सुतारवाडा

शाळा-नोकरीचं बोललात, पावसाळ्याचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे बंद. म्हणजे नवरा-बायकोपैकी एक जण पुण्यात अडकला, तर तो अडकलाच.

शिवाजी पेठ उंचावर आहे, तिथे घरात पाणी येत नाही. पण नळालाही येत नाही, कारण उपसा केंद्रं पाण्याखाली जातात. आमच्याकडे मात्र दोन्ही वेळा पाणी आलं. पहिल्या वेळी मुलगी पाच वर्षांची, तिला आजीच्या घरी पाठवलं म्हणून निर्धास्त होतो. तिथे ती आठ दिवस मेणबत्तीत गोष्टी ऐकत बसली आणि परत आल्यावर विचारते, "बाबा, पूर परत कधी येणार?"

फ्लॅट बघताना दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग इथे पार्किंगच्या भिंतीवर पुराची रेघ शोधा. नवा रंग दिसला तर कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारा.

वाळवण

भाषेचा मुद्दा राहिलाच! माझी भाची सोलापूर रोडवरच्या सोसायटीतून कोल्हापुरात आली. सहा महिन्यांत "मी आलो, मी जेवलो, मी जातो" सुरू. तिची पुण्याची आजी हादरली, "मुलगी आहेस ना गं तू?" भाची म्हणाली, "हो, मग काय झालं? माझी टीचर पण 'मी येतो' म्हणते."

खटपट्या

पुण्याच्या आजीनं यावर अजून लेख कसा लिहिला नाही?

चिंचपेटी

सगळ्यांचे आभार. दहा दिवस गायब होते, कारण शनिवार-रविवार कोल्हापूरला जाऊन आले. आता सविस्तर.

आधी एचआर. कंपनीचं एका पाळणाघराशी बोलणं झालेलं आहे, दोन वर्षांपासून! कोणाला सांगितलेलंच नाही. ऑफिसच्या दोन दिवसांसाठी त्याचा उपयोग होईल. फाईलवाली, तुम्हाला एक पेढा. नवऱ्याला एक वर्षापुरतं लेखी मिळालं, माझं अजून "तत्त्वतः" मध्ये अडकलंय.

सासूबाईंना फोन केला. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "ठीक आहे, मे महिना आमचा." परभणीचा मे! नवरा आत्तापासून कूलर बघतोय.

आता आईबाबा. आज्जींनी सांगितलं तसंच विचारलं, "जमेल ना" नाही, "किती वाजेपर्यंत?" आई भाजी निवडत होती. हातातली गवार खाली ठेवली आणि एका दमात म्हणाली, "सकाळी साडेसहा ते आठ मी रंकाळ्यावर असते. बुधवारी दुपारी भजन. रोज सहानंतर माझी मी. एवढं सोडून केव्हाही." जणू उत्तर तयारच होतं, कोणी विचारायचं बाकी होतं. मला हसू आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. सदतीस वर्षांत मी तिला तिचं वेळापत्रक पहिल्यांदा विचारलं.

बाबा काहीच बोलले नाहीत. पण आमचा जुना लाकडी जिना आहे, उभा, कठडा नसलेला. तिथे सुतार लावून नवा सागवानी कठडा बसवून घेतलाय. मी म्हटलं, हे कधी केलंत? म्हणाले, "पोर यायची म्हटल्यावर करायला नको?" लेकीचा हात मात्र तिथवर पोचत नाही, माझ्या कमरेएवढा उंच आहे. तर म्हणतात, "वाढेल की ती."

ठरलं असं, की दिवाळीनंतर दोन महिने प्रयोग. कोल्हापुरातल्याच संभाजीनगर किंवा कळंब्याच्या बाजूला भाड्यानं बघतोय, लिफ्ट असलेलं. जमलं तर जूनमध्ये शाळा.

पेठेतला_गडी

म्हंजे ट्रक दिवाळीनंतर. तालमीत सांगून ठेवतो.

बालडॉक

दोन महिन्यांचा प्रयोग उत्तम. पहिले दोन-तीन आठवडे नवी सर्दी-पडसी होतील, त्यावरून निर्णय फिरवू नका.

सातारारोड

अभिनंदन. एक बारीक शंका. मी बांधकामातला माणूस, म्हणून डोळा तिकडेच जातो. लहान मुलासाठी कोणी कठडा बसवला तर खाली फळ्या किंवा जाळी मारतात, नाहीतर वर-खाली छोटं फाटक लावतात. कमरेच्या उंचीचा गोल कठडा मोठ्या माणसाला धरायला असतो. जिना चढताना कुठल्या हाताला आहे?

चिंचपेटी

उजव्या.

चिंचपेटी

@दोन_नातवंडांची_आज्जी, एक विचारू? तुमच्या भजनात शेजारी बसणाऱ्या, त्या गुडघ्याच्या इंजेक्शनवाल्या, कुठल्या पेठेतल्या?

दोन_नातवंडांची_आज्जी

खासगी निरोप पाठवलाय. बघ.

चिंचपेटी

पाहिला.